लेओकाद्याबाईंच्या खिडकीखालची मासळी

इरेक बाराबाशचं डोकं गेली तीन वर्षं तापलेलं होतं, आणि ते तापवलं होतं एका माशानं. खऱ्या नव्हे, काचेच्या. कालिशमध्ये प्रोस्ना नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत एक जुनी तीनमजली इमारत आहे. तिच्या पहिल्या मजल्याच्या खिडक्यांखाली, लोखंडी चौकटीवर, निळ्या नळीचा एक मासा उडी मारतो, त्याच्या तोंडासमोर तीन बुडबुडे, आणि पुढे लाल नळीतली चार रोमन अक्षरं: ‘रिबी’. म्हणजे पोलिशमध्ये मासळी. खालचं मासळीचं दुकान केव्हाच बंद पडलं, तिथे आता मोबाइल दुरुस्त करून मिळतात. पण पाटी टिकून होती. फुटकी, विझलेली, कबुतरांनी घाण केलेली, पण जागेवर होती.

इरेकच्या हातच्या बाकीच्या पाट्यांना तेवढंही नशीब लाभलं नाही. चपलांच्या दुकानावरचा बूट, खानावळीवरचं बदक, थिएटरवरचा तारा, सगळं भंगारात गेलं. चाळीस वर्षं या माणसानं आगीच्या ज्योतीवर काचेच्या नळ्या वाकवल्या, त्यांत निऑनचा वायू भरला, सगळं गाव संध्याकाळी उजळवलं. मग राजवट बदलली, दुकानं बदलली, प्लॅस्टिकचे छापील फलक आले आणि शिडी लावून कोणीतरी एकेक पाटी ओरबाडून नेली. काढताना इरेकला कोणी विचारलंसुद्धा नाही. उरली ती ही मासळी. त्याच्या उस्तादानं त्याला पहिल्यांदाच एकट्याच्या जबाबदारीवर करायला दिलेली. आपण या गावात काय केलं हे दाखवायला एक तरी पाटी धड उरावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं. आता यात फार काय मागितलं माणसानं? पण सांगतो कोणाला!

कारण मध्येच थर्माकोल आला. आमच्याकडे हल्ली जी ती इमारत थर्माकोलात गुंडाळायची आणि वरून पिस्ता आइस्क्रीमचा रंग फासायचा असं वेड आहे. थंडी अडते म्हणे. सोसायटीचा अध्यक्ष मारिउश ओल्शा, वय पंचेचाळीस, दात पांढरेशुभ्र, हा तर थर्माकोलासाठी अक्षरशः जीव टाकत होता.

“इरेकराव,” तो सभेत सगळ्यांसमोर म्हणाला, “भिंतीवर हाताच्या वितीएवढा थर चढणार. तुमचा मासा काय त्यात पोहणार आहे?”

“लांब बोल्ट टाकून थराच्या वर बसवता येतो. बोल्ट मी आणतो, बसवतो मी. तुला फक्त गप्प बसायचंय.”

लोक हसले. मारिउशही हसला, पण त्याचं हसणं फक्त दातांपुरतं होतं. “ठीक आहे. दोन अटी. एक, लेओकाद्याबाईंची सही आणा, कारण पाटी त्यांच्या खिडक्यांखाली आहे. दोन, ईस्टरच्या आधीच्या बुधवारी संध्याकाळी सगळ्यांसमोर पेटवून दाखवा. नीट पेटली, नीट वाचता आली, तर राहील. नाहीतर सण झाला की परांची बांधणारे येतील, तेव्हा सगळ्यात आधी तीच उतरेल.”

इरेकनं याआधी सगळे दरवाजे ठोठावून पाहिले होते. जुन्या वास्तूंच्या कचेरीनं कळवलं की पाटी ‘लक्षणीय’ आहे आणि तिला शुभेच्छा. शुभेच्छा! पाटीला! वॉर्साहून एका संग्रहालयाचे लोक आले, म्हणाले, काढून आमच्याकडे द्या, आम्ही हॉलमध्ये ठेवू. “हॉलमध्ये मासळी विकणार कोणाला?” असं विचारून इरेकनं त्यांना वाटेला लावलं. मग जुन्या पाट्या वाचवणारी तरुण पोरं आली. त्यांनी फोटो काढले, तो मासा चहाच्या मगांवर छापला, एक मग इरेकला भेट दिला आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. इरेक त्या मगात कुंचले ठेवायचा. सगळ्यांना पाटी वाचवायची होती, पण शिडीवर चढायला कोणी तयार नव्हतं.

आणि त्यात लेओकाद्याबाई! चौऱ्याऐंशी वर्षांच्या, काठीसारख्या ताठ, डोळ्यांत मोतीबिंदू पण जिभेला धार. इरेक पहिल्यांदा खसखशीचा रोल घेऊन गेला. बाईंनी दोन तुकडे खाल्ले, बोटं पुसली आणि म्हणाल्या, “नाही.”

“अहो बाई, ऐकून तरी घ्या.”

“मी वीस वर्षं ऐकलंय. गूंऽऽऽ करायची ती तुमची मासळी संध्याकाळभर. घरात मधमाश्या पाळल्यात की काय असं वाटायचं. आणि पडद्यांवर लाल उजेड. आमचे हे, देव त्यांना सुखात ठेवो, म्हणायचे, लेओकाद्या, आपण खाटकाच्या दुकानात झोपतोय.”

“नवा ट्रान्सफॉर्मर लावतो, आवाज येणार नाही.”

“रोल छान होता. बायकोला सांगा.”

असा तो चार-पाच वेळा हात हलवत परत आला. बायको बोग्ना म्हणाली, “रोल खाते आणि सही देत नाही म्हणजे बाई हुशार आहे. तुझ्याशी लग्न करताना मी तसंच करायला हवं होतं.” इरेकला हसू आलं नाही. त्याचा जीव टांगणीला लागला होता आणि हिला थट्टा सुचत होती.

शेवटी बाई वळल्या त्या खिडक्यांमुळे. त्यांच्या दोन्ही खिडक्या नवरा गेल्यापासून फुगून चौकटीत बसल्या होत्या, उघडतच नव्हत्या. आता हे नीट समजून घ्या. आमच्याकडे ईस्टरच्या आधी खिडकी धुतली नाही, अशी बाई शोधूनसुद्धा सापडणार नाही. मोडका पाय घेऊन धुतात, बर्फ पडत असताना धुतात. आणि या बाईंच्या काचा गल्लीच्या बाजूनं दरवर्षी तशाच मळक्या राहायच्या, येणारा-जाणारा बघायचा आणि बाई शरमेनं पडद्यामागे बसायच्या. इरेकनं एका दुपारी रंधा आणला, चौकटी तासल्या, बिजागऱ्यांना तेल घातलं आणि दोन्ही खिडक्या सताड उघडून दिल्या. बाईंनी बाहेर डोकं काढलं, नदीकडचा वारा घेतला.

“आणा कागद,” मग त्या म्हणाल्या. “पण एक सांगते, माझ्या खिडकीखाली घाण नको. पाटी स्वच्छ राहिली पाहिजे.”

“आरशासारखी ठेवतो, बाई,” इरेक म्हणाला. बोलताना त्याच्या अंगावर काटासुद्धा आला नाही, इतका तो आनंदात होता.

मग त्यानं सगळा हिवाळा तळघरातल्या कारखान्यात काढला. नळ्या नव्या वाकवल्या. हात पूर्वीसारखे राहिले नव्हते, ‘ब’च्या पोटाला दोनदा तडा गेला, तो शिव्या देत तिसऱ्यांदा बसला. पण जमलं. आणि शेवटी राहिलं काळं करायचं काम. या धंद्यात अक्षरं सुटी नसतात. एकाच लांब नळीनं पहिलं अक्षर काढायचं, मग ती नळी मागे वळवून दुसऱ्या अक्षराकडे न्यायची, असं शेवटपर्यंत. उजेड तर सगळ्या नळीत पळणार. म्हणून जे वाचायचं नाही, ते सगळे वळसे काळ्या रंगानं जाड लिंपायचे. मग संध्याकाळी फक्त अक्षरं दिसतात, मधली नळी कोणाला दिसत नाही. तीन बुडबुडेही तसेच, एकमेकांना जोडलेले आणि मधे काळे. इरेकनं दोन हात दिले, वाळवले, पुन्हा तपासले. कारखान्यात पेटवून पाहिलं तर ‘रिबी’ अशी स्वच्छ वाचता येत होती की बोग्नासुद्धा क्षणभर टोमणा विसरली.

“सुंदर झालीय रे,” ती म्हणाली.

बुधवारच्या आधीच्या शनिवारी त्यानं दोन मित्रांना धरून नव्या नळ्या चौकटीवर चढवल्या. तारा जोडल्या, बटण खाली दरवाजाच्या बोळात बसवलं. बुधवारपर्यंत करायचं काही उरलं नव्हतं. आणि ते चार दिवस बोग्नानं त्याला सोडलं नाही. अंगणातल्या दांडीवर गालिचे टाकून झोडप, तळघरातून बटाटे आण, कपाटाच्या मागची धूळ काढ, पडदे उतरव. “मासळी भिंतीवर टांगलीय, ती कुठे पळून जात नाही,” ती म्हणाली. तोही राबला. त्याला वाटलं, आता काय होणार आहे?

बुधवारी संध्याकाळी तो पोचला तेव्हा अंधारून आलं होतं आणि गल्लीत माणसं जमली होती. मारिउश घड्याळ बघत उभा होता. “या या, आम्हाला वाटलं मासा गळाला लागला नाही.” इरेक वर बघायलाही थांबला नाही, तडक बोळात शिरला, टोपी सरळ केली, आणि बटण दाबलं.

बाहेर गल्लीत कोणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. मग सगळी गल्लीच खदखदली.

इरेक धावत बाहेर आला आणि त्यानं वर पाहिलं. भिंतीवर लालभडक शेवयांचा गुंता पेटला होता. ना ‘र’ कळत होता ना ‘ब’. एका अक्षराचा पाय दुसऱ्याच्या कमरेत अडकलेला, मागचे सगळे वळसे पुढच्यासारखेच झगमगत होते. आणि मासा! बुडबुडे एका उजेडाच्या दोरीनं जोडले गेले होते आणि ती सरळ त्याच्या तोंडापर्यंत पोचली होती.

“ओकतोय!” मोबाइलवाला ओरडला. “मासा ओकतोय!”

“सणाआधीच जास्त झालीय त्याला,” दुसरं कोणीतरी म्हणालं.

इरेकच्या डोळ्यांसमोर लाल झालं, आणि ते पाटीमुळे नव्हे. काळा रंग गेला होता. सगळाच्या सगळा. असा रंग पावसानं जात नाही, तो मुद्दाम काढावा लागतो. त्यानं दोन ढांगांत मारिउशला गाठलं आणि त्याच्या कोटाची कॉलर धरली.

“तू केलंस! लाज नाही वाटत? तीन वर्षं मी घासतोय इथे, आणि तू रात्री शिडी लावून माझ्या पाटीची वाट लावलीस!”

“अहो सोडा! वेड लागलंय का? मी कशाला हात लावू तुमच्या त्या... सोडा म्हणतो ना!”

“मग कोणी केलं? बोला! कोणी हात लावला माझ्या पाटीला?”

आणि वरून, लाल उजेडात न्हालेल्या उघड्या खिडकीतून, आवाज आला.

“ओरडताय काय एवढं? मी धुतली.”

लेओकाद्याबाई. डोक्याला सणाचा रुमाल, गळ्यात मोत्यांची माळ, दोन्ही कोपर खिडकीच्या कट्ट्यावर टेकलेले. “दोन दिवस घासत होते. काळं किट्ट झालं होतं सगळं. आधी सोड्यानं घासलं, हललं नाही. मग झाडूच्या दांड्याला ब्लेड बांधलं आणि स्पिरिट घेतलं. खरवडून खरवडून काढलं. तुम्ही म्हणालात आरशासारखी, पण पुरुषांचं धुणं ते! सणाला माझ्या खिडकीखाली असली घाण कशी ठेवू? लोक काय म्हणतील?”

इरेकच्या हातातून मारिउशची कॉलर आपोआप सुटली. खिडक्या त्यानंच उघडून दिल्या होत्या. आरशासारखी ठेवतो, हेही तोच म्हणाला होता.

मारिउशनं कॉलर झटकली. आता त्याला खरं हसू येत होतं. “चला, एक प्रश्न मिटला. मंडळी, अट काय होती? वाचता आली पाहिजे. कोणाला वाचता येतंय? हात वर करा.” एकही हात वर गेला नाही. “मग ठरलं. सण झाला की उतरवू.”

“काय उतरवणार रे तू?” वरून बाई म्हणाल्या.

“पाटी, लेओकाद्याबाई. तुमचीच कटकट मिटते.”

“माझी कटकट? अरे दोन दिवस मी खिडकीतून अर्धी बाहेर लटकले होते. खाली पडले असते तर तू आला असतास मातीला? मी धुतलीय ती पाटी, मारिउश. ही बोटं बघ. आणि तू ती भंगारात घालणार?”

“पण बाई, ती वाचता...”

“त्या थर्माकोलाच्या कर्जाच्या कागदावर माझी सही झालीय का?”

मारिउशचा चेहरा उतरला. सही झालेली नव्हती. आणि एकाही घरमालकाची सही राहिली तर बँक कागदाला हातसुद्धा लावणार नव्हती, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

“नाही ना? मग पाटी राहील तर सही होईल. पाटी गेली तर तुझा थर्माकोल तुझ्या घरात रच आणि त्यावर झोप. सणाच्या शुभेच्छा.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मारिउश काहीतरी पुटपुटला, “राहू दे, राहू दे, मला काय,” आणि गाडीच्या किल्ल्या वाजवत निघून गेला. बोग्ना गर्दीतून पुढे आली आणि तिनं इरेकचा दंड धरला. “अरे राहिली! ऐकलंस का? राहिली पाटी!”

“बघ तिच्याकडे,” इरेक म्हणाला. “बघ जरा. काय राहिलंय?”

पण लगेच त्याला धीर आला. पाटी तर वाचली! रंगाचं काय, रंग पुन्हा देता येतो. तो मोबाइलवाल्याच्या दुकानात शिरला, तिथे ठेवलेल्या आपल्या पिशवीतून काळ्या रंगाची बाटली आणि कुंचला काढला आणि एका दमात जिना चढला. खिडकीतून हात घालून अर्ध्या तासाचं काम.

बाईंनी चहा टाकला होता. ताटलीत हेरिंगचे तुकडे आणि कांदा. स्वयंपाकघर लालेलाल झालं होतं, आणि बाई त्या उजेडात खुर्ची ओढून बसल्या होत्या.

“बसा इरेक. घ्या मासळी. मासळीच्या नावानं मासळी.”

“बाई, तुमचे उपकार विसरणार नाही. आता फक्त पाटी बंद करतो आणि थोडं काळं...”

“काय करतो?”

“थोडा काळा रंग द्यावा लागतो. मधे मधे. तो मीच दिला होता, घाण नव्हती ती.”

बाईंनी बाटलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. “म्हणजे मी काढलेलं काळं तुम्ही परत लावणार.”

“हो. म्हणजे तसंच असतं ते. त्याशिवाय अक्षरं दिसत नाहीत, बाई. आता नुसता गुंता दिसतोय. लोक हसतायत.”

“हसू देत. मी गेली कित्येक वर्षं हे स्वयंपाकघर नीट पाहिलं नव्हतं. डोळ्यांना अंधारच दिसतो. आज कपाटावरची फुलं दिसतायत मला. तुमच्या त्या काळ्यानं अर्धा उजेड गिळला असता.” त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटांवर ब्लेडचे बारीक चरे होते, काहींवर पट्ट्या. “हे बघा. एवढं करून मी काढलंय. आणि तुम्ही या पवित्र आठवड्यात माझ्या खिडकीखाली परत घाण फासणार? अजिबात नाही.”

“अहो बाई, मी सांगतो तसं... मी चाळीस वर्षं हेच काम केलंय! वाचता येत नाही हो ती!” इरेकचा आवाज फाटला.

“ओरडू नका. एक थेंब जरी काळा दिसला ना, तर मी आत्ता मारिउशला फोन करून सांगते, काढ बाबा पाटी. मग सहीही देते.” आणि चहाचा कप त्याच्यापुढे सरकवून त्या अगदी मायेनं म्हणाल्या, “तुम्ही फार मनाला लावून घेता. छान झालीय ती. पूर्वी मी उगीच शिव्या द्यायची तुमच्या मासळीला.”

इरेकनं चहा घेतला. हेरिंगही खाल्लं. कशाचीच चव लागली नाही. बाटली त्यानं खिशात घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. या बाईची आई शंभरी ओलांडून गेली होती, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. म्हणजे बाई आहे तोवर पाटी अशीच. आणि बाई नसेल तेव्हा मारिउश आहेच. त्याच्या मनात आलं, इथेच कपाळ आपटून घ्यावं. धड पाटी हवी असेल तर ती भंगारात जाणार, आणि भिंतीवर हवी असेल तर ती ही अशी.

“निघतो, बाई,” तो उठला.

“थांबा. मी सगळ्यांना सांगणार आहे, हे आपल्या इरेक बाराबाशनं केलंय म्हणून. चर्चमध्येही सांगते रविवारी.”

“नको!” तो जवळजवळ किंचाळला. “बाई, तुमच्या पाया पडतो. बाकी काहीही करा, पण माझं नाव नका सांगू कोणाला.”

“अगंबाई,” लेओकाद्याबाईंचे डोळे भरून आले. “किती साधा माणूस!”

तो जिना उतरून गल्लीत आला. बोग्ना कोपऱ्यावर उभी होती. पुलाकडून फिरायला आलेलं एक अनोळखी जोडपं तोंड वर करून थबकलं होतं. “काय लिहिलंय गं?” नवरा विचारत होता. “काय माहीत! केलंय कोणी हे, झिंगून केलंय का?” बायको म्हणाली, आणि दोघं हसायला लागली. इरेकनं मान खाली घातली आणि भिंतीच्या कडेनं सटकायला बघितलं.

“अहो!” वर खिडकी उघडली. लेओकाद्याबाई अर्ध्या बाहेर वाकल्या होत्या, लालेलाल, हात लांब करून थेट त्याच्याकडे बोट दाखवत होत्या. “अहो, तिकडे बघा! तेच ते! तुम्ही उभे आहात ना, तुमच्या मागे! इरेक बाराबाश! यांनी केलीय ही पाटी, स्वतःच्या हातांनी!”

जोडपं वळलं. इरेक थांबला. आणि मग दुसरं काहीच करता येत नाही म्हणून त्यानं टोपी काढली आणि त्या दोघांना वाकून नमस्कार केला.